मावशीचा रेग्युलर प्लॅन

दारावर अंगुस्तान वाजलं. टक, टक, आणि जरा थांबून पुन्हा एकदा टक.

घरात इतकं चिडीचूप होतं की एवढ्याशा आवाजानेही छोटी दचकली. पाऊण तास मांडीवर हलवून, थोपटून, गुणगुणून बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. घंटीची वायर तर बाळ घरी आलं त्याच आठवड्यात काढून ठेवलेली. येणारे जाणारे बोटांनी दार वाजवत; पण शिवताशिवता उठून, बोटावरची ती लोखंडी टोपी तशीच ठेवून येणारं माणूस एकच होतं. मावशी.

छोटीला क्षणभर वाटलं, उघडूच नये. बाळाबरोबर आपणही झोपलो होतो असं सांगावं. मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती पाय न वाजवता दाराशी गेली.

"झोपलंय का?" मावशीने उंबऱ्याबाहेरूनच ओठांनी विचारलं.

"आत्ताच."

"मग मी मुकी." मावशीने चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर आत आली. गुडघे दुखणारी बाई, पण चवड्यांवर चालली की चोरालाही शिकवील अशी.

छोटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाच भावंडांतली शेवटची म्हणून एकदा छोटी म्हटलं ते म्हटलंच. तिशी उलटली, दोन लेकरं झाली, तरी मावशीच्या लेखी ती अजून दोन वेण्यांतली छोटीच होती. बाकी जगाच्या लेखी ती म्युच्युअल फंडवाली ताई. लोकांचे पैसे फंडात गुंतवून द्यायचं तिचं काम. दरमहा थोडेथोडे टाकायचे की एकदम, कितीला किती वर्षं लागतात, मधेच पैसे लागले तर काय, हे ती समजावून सांगायची, फॉर्म भरून द्यायची, सह्या घ्यायची. शाळेतल्या दोन बाई, दवाखान्यातला कंपाउंडर, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, अशी साठेक गिऱ्हाइकं. जेवणाचं टेबल हेच ऑफिस. प्रिंटरवर लंगोटांची थप्पी, आणि लॅपटॉपच्या कडेला सुकलेल्या भाताचं एक शीत, जे ती रोज खरवडायचं ठरवायची.

ह्या साठांतलं पहिलं गिऱ्हाईक मावशी.

नऊ वर्षांपूर्वी ह्या कामाची परीक्षा पास होऊन तिला मध्यस्थाचा कोड नंबर मिळाला, तेव्हा एकही माणूस तिच्या हाती पैसे द्यायला तयार नव्हता. सख्खे भाऊ म्हणाले, आधी स्वतःचे वाढवून दाखव. मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर लावायच्या लाइनीवर होती. संध्याकाळी सुटल्यावर थेट आली आणि म्हणाली, "घे, भवानी माझ्या हातची. महिन्याला चार हजार. मला त्यातलं काही कळत नाही. तुला कळतं ना, मग झालं." सही करताना तिने विचारलं होतं, "आणि तुझी मजुरी?" छोटी म्हणाली होती, "मावशी, तुझ्याकडून घेईन का मी? तू मला एक पैसाही द्यायचा नाहीस."

म्हणूनच भिंगरी झाल्यापासून मावशी तिचे कपडे फुकट शिवायची. भिंगरी म्हणजे छोटीची थोरली, सात वर्षांची, एका जागी न ठरणारी. झबली, टोपडी, शाळेचे स्कर्ट, पावसाळी कोटाची दुरुस्ती, सगळं. पैसे पुढे केले की म्हणायची, "तू माझं फुकट करतेस, मी तुझं फुकट करते. हिशेब मिटला." दर वेळी हे ऐकताना छोटी दुसरीकडे बघायची.

आजही मावशीच्या पिशवीत फ्रॉक होता. निळा, पांढऱ्या कॉलरचा. फक्त खालची दुमड राहिली होती. तिने भिंगरीला स्टुलावर उभं करून उंची बघितली, दातांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून घेरभर लावल्या, आणि फ्रॉक उतरवून घेत तिच्या कानात सांगितलं, "आता तू आत जाऊन बाळाची राखण कर. तोंडावर माशी बसली तर तुझा पगार कापणार."

"किती पगार आहे?" भिंगरीने कुजबुजत विचारलं.

"आधी काम बघते, मग ठरवते."

भिंगरी ऐटीत आत गेली. मावशीने सुई ओवली आणि टेबलाशी बसून दुमड घालायला घेतली. "हं. काढ माझी कुंडली."

आज मावशी पैसे काढायला आली होती. तिशीपासून दुसऱ्यांच्या कॉलरी लावून झाल्या, आता स्वतःचं दुकान. कारखान्याच्या मागच्या रस्त्याला एक गाळा मिळत होता, दीड माणूस उभं राहील एवढा, पण समोर शाळा आणि शेजारी लाँड्री. अनामत साडेचार लाख. जुनं पण चांगलं शिलाईचं मशीन, कापायचं टेबल, पाटी, मिळून आणखी एक लाख. छोटीने पडद्यावर आकडा दाखवला: सात लाख चाळीस हजार.

"साडेपाच काढ," मावशी म्हणाली. "उरलेल्याला हात लावायचा नाही. ते म्हातारपणाचे."

"आणि ओव्हरलॉक?"

कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून बांधायचं ते मशीन. दोन महिने मावशी त्याच्याबद्दलच बोलत होती.

"ते राहिलं. चाळीस हजार सांगतो." मावशीने दोरा दातांनी तोडला. "कडा बाहेरून बांधून आणीन. चौकापलीकडे एकजण करून देतो. दोनदा जायचं, दोनदा यायचं, त्यात काय. गुडघ्यांना व्यायाम."

चाळीस हजार. हा आकडा तिने स्वतः काढला होता, मागच्या महिन्यात, बाळ झोपलेलं असताना. काढायचा नव्हता, पण एकदा डोक्यात आला आणि मग काढल्याशिवाय चैन पडेना.

गोष्ट साधी होती. एकच फंड दोन तऱ्हांनी घेता येतो. थेट कंपनीकडून घेतला तर डायरेक्ट. कुणा मध्यस्थामार्फत घेतला तर रेग्युलर. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन फंडाच्या खर्चात धरलेलं असतं. ते वर्षाला टक्काभर, रोज मुंगीच्या पावलांनी, गुंतवणाऱ्याच्याच पैशातून जातं. पावती येत नाही, कुणी मागायला येत नाही. मावशीच्या फॉर्मवर मध्यस्थाच्या रकान्यात छोटीने आपला कोड घातला होता. सुरुवातीला महिन्याला तीसचाळीस मिळायचे, हसू यायचं. आता साडेपाचशे येत. नऊ वर्षांत तिच्या हाती तीसेक हजार आले होते. आणि मावशीचे कमी झाले होते चाळीस, कारण गेलेले पैसे वाढायचेही थांबले होते.

बाकी गिऱ्हाइकांचंही तसंच होतं, पण त्यांना तिने पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं. तो तिचा धंदा होता, त्यात लाज कसली. मावशीला मात्र ती म्हणाली होती, एक पैसाही नाही.

"आमच्या लाइनीची सुपरवायझर म्हणते," मावशी टाके घालता घालता बोलत होती, "उरलेले ईटीएफमध्ये घाल. त्यात खर्च कमी जातो म्हणे. काय असतं ते?"

छोटीचे कान तापले. "तोही फंडच. पण शेअरसारखा बाजारात विकत घ्यायचा. वेगळं खातं काढावं लागतं, भाव दिवसभर वरखाली होतो."

"म्हणजे तयार कपडा. टांगलेला असतो, चिठ्ठीवरच्या भावाला घ्या."

"जवळजवळ. चिठ्ठी मात्र मिनिटामिनिटाला बदलते."

"आणि आपलं दरमहाचं?"

"ते माप देऊन शिवून घेतल्यासारखं."

"मजुरी न देता शिवून मिळणारं कापड जगात मलाच मिळालं," मावशी हसली. "नको ते ईटीएफ. मला फोनमध्ये डोकं घालून बसायचं नाही. तू असं कर, भिंगरीचे कुठे ठेवलेस?"

"आहेत, तिच्या जन्मापासून."

"कुठे, ते विचारतेय."

"ह्याच फंडात."

"झालं तर. ज्या खिशात पोरीचे, त्याच खिशात माझे राहू दे. आई पोरीचे पैसे खड्ड्यात थोडेच टाकणार आहे. दाखव बघू तिचा कागद. पडद्यावर नको, डोळ्यांतून पाणी येतं. छापून दे."

तेव्हाच काहीतरी सबब सांगायला हवी होती. प्रिंटरमधली शाई संपली, आवाजाने बाळ उठेल. दुसरी तर खरीच होती. पण छोटीचा हात सवयीने चालला. प्रिंटरवर तिने उशी दाबून धरली, त्याने उशीखाली घरघरत दोन कागद बाहेर ढकलले. एक मावशीचा, एक भिंगरीचा.

मावशीने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. कापडाचे दोन तुकडे जुळवावेत तशा त्यांच्या कडा जुळवल्या, चष्मा वर सरकवला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवायला लागली. अक्षरओळख बेताची, पण तीस वर्षं दुरूनच अर्ध्या सुताचा फरक पकडणारी नजर.

"नाव तेच," ती म्हणाली. "तारीख तीच. मग हा भाव वेगळा का?"

छोटीने प्रिंटरवरची उशी उचलून खुर्चीवर ठेवली.

"हा बघ. एका युनिटचा भाव. माझा एकशे बारा. पोरीचा एकशे तेवीस. एकाच थानातलं कापड, दोन भाव?" मावशीने विचार केला, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळला. "अगं, म्हणजे मला स्वस्तात दिलंस होय? पोरीला महागात घेतलंस आणि मावशीला स्वस्तात. वेडी आहेस का तू?"

तिने छोटीच्या गालाला हात लावला. अंगुस्तान थंड होतं. मग तिने पुन्हा सुई उचलली.

आता काही बोलायची गरज नव्हती. नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. मावशी सही करून गेली असती, लाइनीवर चारजणींना सांगितलं असतं, माझी भाची मला स्वस्तात देते. तेवढ्यात आतून भिंगरीचा बारीक आवाज आला, ती बाळाला कसलीतरी गोष्ट सांगत होती.

"मावशी, तसं नाहीये."

"मग कसं?"

"ज्याचा भाव जास्त, त्याचे पैसे जास्त वाढले. भिंगरीचे जास्त वाढले. तुझ्यातून दर वर्षी थोडे कापले गेले."

"कुणी कापले?"

"कंपनीने. मला द्यायला."

सुई थांबली. मावशीने आवाज चढवला नाही. चढवताही आला नसता. आत बाळ होतं. पुढचं सगळं कुजबुजीतच झालं, आणि छोटीला वाटत राहिलं की ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू तर म्हणालीस, एक पैसा नाही."

"तू द्यायचा नाहीस, असं म्हणाले. कंपनी देते. पण देते ती तुझ्यातूनच."

"आणि पोरीचं?"

"तिचं डायरेक्ट. त्यात मधे कुणी नसतं. आपल्याच घरच्या पैशांवर मला कमिशन मिळत नाही, तसा नियम आहे."

"घरच्या," मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीने फ्रॉक मांडीवर ठेवला. "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"पहिल्या दिवशी?"

"परीक्षेतच असतं ते." छोटी टेबलाकडे बघून बोलत होती. "कुणीच येत नव्हतं गं. मला वाटलं, निदान एक नाव असू दे माझ्या कोडवर. सहा महिन्यांनी बदलून टाकू. मग भिंगरीच्या वेळी माझी तेव्हाची नोकरी सुटली. मग तेवढेच महिन्याला येतात म्हणून."

"पोरीचा फॉर्म भरताना आठवली नाही मावशी?"

हो म्हणणं वाईट होतं, नाही म्हणणं त्याहून वाईट. "आठवलीस," छोटी म्हणाली. "तुझा बदलला तर तू विचारशील का बदलला म्हणून. मग आधीचं सांगावं लागलं असतं."

मावशीने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"शिंपी चिंध्या ठेवतोच," ती म्हणाली. "सगळ्या जगाला ठाऊक आहे. मीही ठेवते. पण तुझ्या पोरीच्या कपड्यांतली एकेक चिंधी मी तुला परत दिली. बाहुलीला होईल म्हणून. आठवतंय?"

"आठवतंय."

"किती झाले?"

"मावशी—"

"आकडा सांग. तुझं शिक्षण झालंय त्याच्यात."

"चाळीस. चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले माझ्या हातात तीस आले." मग तिने घाईने पुढे रेटलं, "मी देते तुला. एकदम नाही होणार, पण थोडेथोडे, दर महिन्याला. आणि तुझे उरलेले आत्ताच डायरेक्टमध्ये टाकते, थोडा कर बसेल, तो मी भरीन. तू ओव्हरलॉक घे."

"दर महिन्याला," मावशी म्हणाली. "म्हणजे आता तू माझ्यात गुंतवणार." ती हसली असंही नाही, नाही असंही नाही. "कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात. पण खाणारं कुंपण निदान म्हणत नाही, बघ, मी फुकट राखण करतेय."

ती पुन्हा टाके घालायला लागली. छोटीला वाटलं, आता ती फ्रॉक तसाच टाकून उठेल. पण मावशी अर्धवट काम टाकणारी नव्हती. उरलेला हातभर घेर तिने एकसारख्या टाक्यांनी पुरा केला, गाठ मारली, दोरा तोडला, टाचण्या मोजून डबीत घातल्या. टाके इतके बारीक होते की उलट्या बाजूलाही दिसू नयेत. छोटी ते बघत बसली. दुसरीकडे कुठे बघावं तिला कळत नव्हतं.

"सही कुठे?"

छोटीने बोट दाखवलं. मावशीने पैसे काढायच्या फॉर्मवर सही केली, मग उरलेल्यांच्या फॉर्मवर. दुसऱ्या फॉर्मवर ती थांबली.

"ह्यात तुझा नंबर कुठे घालतात?"

"इथे. हा रकाना. आता रिकामाच ठेवायचा."

मावशीने पेन घेतलं आणि त्या रिकाम्या रकान्यावर आडवी रेघ मारली. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा, ठळक. रेघेची गरज नव्हती, हे सांगण्याचा छोटीला अधिकार उरला नव्हता.

पिशवी खांद्याला लावून मावशी उठली. दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"फ्रॉकची शिलाई साडेतीनशे झाली."

छोटी धडपडत उठली. कपाटातला डबा, पर्स, नवऱ्याच्या शर्टाचा खिसा, सगळीकडे हात घातला. सुटे मिळून साडेतीनशे भरले. मावशीने ते एकेक करून मोजले. गेल्या सात वर्षांत तिने ह्या घरातून पहिल्यांदाच पैसे घेतले होते.

"मावशी, परत येशील ना?"

"बाळाचं झबलं तोकडं झालंय," मावशी म्हणाली. "माप घ्यायला यावं लागेल. आता भाव ठरवून शिवीन." चपला हातात घेऊन ती चवड्यांवरच दाराबाहेर गेली आणि जिन्यात जाऊन पायात घातल्या. खालपर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत राहिला, प्रत्येक पायरीवर थांबत.

छोटी दार लावून तिथेच उभी राहिली. रडायला हवं होतं, पण रडूही येईना. तेवढाही आपला हक्क नाही असं वाटत होतं. नवरा संध्याकाळी पॅथॉलॉजी लॅबमधून येईल, त्याला काय सांगायचं, तीसचाळीस हजार कुठून उभे करायचे, भावांना कळलं तर काय तोंड दाखवायचं, सगळं एकदम समोर आलं. आणि त्या सगळ्याच्या मागे तो एकच शब्द. घरच्या.

"आई." भिंगरी दाराच्या फटीतून डोकावत होती. "माशी बसली नाही. एकदाच बसत होती, मी हाकलली. मावशीआजी गेली?"

"गेली."

"मग माझा पगार?"

"फ्रॉक घाल बघू. छान झालाय."

भिंगरीने फ्रॉक डोक्यातून ओढला. अंगावर अगदी बसला, गुडघ्याच्या खाली चार बोटं, जसा हवा तसा. ती गोल फिरली, घेर फुलला, आणि फिरताफिरता तिची नजर टेबलावरच्या दोन कागदांवर पडली. नवी नवी वाचायला शिकलेली. औषधाच्या बाटलीपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत दिसेल ते वाचायची. तिने मावशीचा कागद उचलला आणि खालून वर, वरून खाली बोट फिरवत वाचायला लागली. मग स्वतःचा उचलला. मग पुन्हा मावशीचा.

"आई, हे तुझं नाव आहे ना? पूर्ण नाव. वितरक, आणि पुढे तुझं नाव."

"हो. ठेव ते आता."

"हा माझा कागद ना?"

"तुझाच."

"ह्याच्यावर नाहीये तुझं नाव. मी सगळा वाचला." भिंगरीचा आवाज मोठा झाला, मग बाळ आठवून तिने तो पुन्हा खाली आणला. तिचा खालचा ओठ जरा पुढे आला होता, काहीतरी आपल्याला दिलं नाही असं वाटलं की येतो तसा. "मावशीआजीच्या पैशांवर तू तुझं नाव घातलंस. मग माझ्यावर का नाही घातलंस?"